मुकादमचाचांचे नकाशे

मुकादमचाचा कुणाच्याही घरात शिरले की आधी खाली बघायचे. यजमान हात पुढे करून "या, या" म्हणत उभा, आणि चाचांची नजर त्याच्या चपलांवरून सरकत फरशीवर गेलेली. मग ओठांतल्या ओठांत काहीतरी गुणाकार व्हायचा, मान हलायची आणि पहिलं वाक्य यायचं, "हॉल बारा बाय सोळाचा दिसतो." घरात नवं बाळ आलेलं असो की कुणी गेलेलं असो, पहिलं वाक्य हेच. त्यानंतर ते बाळाकडे बघायचे.

दुबईच्या पुढं, रास अल खैमात, टाइल्सच्या एका कारखान्यात त्यांनी सगळी उमर स्टोअरकीपर म्हणून काढली होती. त्यामुळे जगातली कुठलीही जमीन त्यांना टाइल्समध्येच दिसायची. मॉलमध्ये लोक दुकानं बघत चालायचे, चाचा फरशी बघत. आपल्या कारखान्याचा माल ओळखला की गावाकडचं माणूस भेटल्यासारखा त्यांचा चेहरा खुलायचा, आणि कुठं सांधा चुकलेला दिसला की तिथंच थांबून ते बुटाच्या टोकानं दाखवायचे. सलमाचाची, म्हणजे त्यांची बायको, तोवर चार दुकानं पुढं गेलेली असायची. "ह्यांच्याबरोबर मॉलला जाण्यापेक्षा मी फरशी पुसायच्या मशिनबरोबर जाईन," असं ती मला सांगायची, आणि ते ऐकू जाईल अशा बेतानं सांगायची.

आमचं घर त्यांच्या घराला चिकटून होतं. एका ओळीत उभी केलेली दुमजली घरं, पुढं गाडीपुरती जागा, मागं हातरुमालाएवढं अंगण आणि दोन अंगणांच्या मध्ये छातीएवढी भिंत. माझा नवरा सिमेंटच्या कारखान्यात, मी फ्री झोनमधल्या एका शिपिंगच्या ऑफिसात. आम्ही राहायला आलो त्या दिवशी भिंतीवरून चाचीनं सांदणांचा डबा दिला आणि चाचांनी मोजायची टेप. म्हणाले, "बाई, सोफा घेण्याआधी जिन्याचं वळण मोजा. इथं सगळे आधी सोफा घेतात."

सोफा आम्ही आदल्याच दिवशी घेतला होता. तो शेवटी बाल्कनीतून दोरानं वर चढवावा लागला. चाचा खाली उभे राहून सगळं बघत होते आणि एक शब्दही बोलले नाहीत, हे मी त्यांच्या खात्यात कायमचं जमा केलं.

'बाई' हे त्यांनी मला दिलेलं नाव. नोकरी करणारी कुठलीही बाई त्यांच्या लेखी शाळेतली बाई असायची. रायगड जिल्ह्यातल्या मराठी शाळेत शिकलेले असल्यामुळे त्यांचं मराठी माझ्यापेक्षा सरळ होतं, पण त्या मराठीत मधूनच काहीतरी जड वस्तू ठेवलेल्या असायच्या. घर आणि कुंपण यांच्यामध्ये सोडायच्या मोकळ्या जागेला ते 'सामासिक अंतर' म्हणायचे. अजून न बांधलेल्या कशालाही 'प्रस्तावित'. "आज प्रस्तावित जेवण काय?" असं ते चाचीलाही विचारायचे. हे शब्द कुठून आले, ते त्यांनी ओळख झाल्या झाल्याच सांगून टाकलं. इथं येण्याआधी, मिसरूड फुटायच्या वयात, ते तिकडच्या एका छोट्या नगरपरिषदेच्या बांधकाम खात्यात ट्रेसर होते. लोकांच्या घरांचे नकाशे ट्रेसिंग कागदावर शाईनं उतरवायचे आणि रंगवायचे. जेमतेम तीन-चार वर्षं. मग मामानं व्हिसा पाठवला. एवढी वर्षं केलेल्या स्टोअरकीपरीबद्दल ते कधी आपणहून बोलायचे नाहीत. मशिदीत कुणी नव्या माणसानं "आप क्या काम करते थे?" विचारलं की उत्तर ठरलेलं, "नक्शा बनाता था."

दुसरी ठरलेली गोष्ट म्हणजे 'मापात बोला'. मी भिंतीवरून म्हणायचे, "चाचा, आज काय भयंकर उकडतंय!" तिकडून यायचं, "मापात बोला, बाई. किती?" कुणी म्हणालं, दुबईला जायला फार वेळ लागला, तर फार म्हणजे किती. माझा नवरा एकदा कौतुकानं म्हणाला की चाचीच्या हातच्या सुरमईसारखी सुरमई जगात नाही. चाचा थोडा विचार करून म्हणाले, "जग मोठं आहे. आपण रास अल खैमापुरतं बोलू." चाचीनं त्या दिवशी त्यांना डोक्याकडचा तुकडा वाढला.

असा माणूस शेजारी असला की दोन दिवस गंमत वाटते, दोन महिने वैताग येतो आणि मग सवय होते. आम्ही सवयीपर्यंत आलो होतो, तेव्हा चाचीला झटका आला.

डावी बाजू गेली. आम्ही हॉस्पिटलात पोचलो तेव्हा चाचा आयसीयूच्या बाहेर उभे होते. बसायला खुर्च्या होत्या, पण ते उभे होते आणि खाली बघत होते. मला बघून म्हणाले, "आमचाच माल आहे. पण सेकंड ग्रेड लावलाय." मला त्या क्षणी त्यांचा रागच आला. आत बायको मरणाच्या दारात आणि हा माणूस फरशीची प्रत बघतोय. मग ते परत म्हणाले, "सेकंड ग्रेड लावलाय, बाई," आणि बुटाचं टोक एका सांध्यावरून फिरवत राहिले. मी त्यांच्या शेजारी भिंतीला टेकून उभी राहिले.

चाची वाचली. बोलणं जवळजवळ पहिल्यासारखं आलं, विनोदबुद्धी तर पूर्ण आली. पण पाय आला नाही. कुणीतरी धरलं तर पलंगावरून खुर्चीत आणि खुर्चीतून पलंगावर, एवढंच. आणि आमच्या त्या घरांमध्ये झोपायच्या खोल्या सगळ्या वर. खाली हॉल, स्वयंपाकघर आणि जिन्याखाली पाहुण्यांसाठी एक संडास, ज्याच्या दारातून व्हीलचेअर तर सोडाच, सुदृढ पाहुणासुद्धा तिरका होऊन जायचा. सुरुवातीला चाची जिन्यावर बसून एकेक पायरी घसरत खाली यायची. नंतर ते बंद झालं. ती वरच राहायला लागली. खालचं स्वयंपाकघर चाचांच्या हाती गेलं आणि भिंतीवरून येणारे डबे थांबले.

त्यांची मुलगी शबाना शारजात, अल मजाजला राहायची. दर रविवारी यायची. तिचं म्हणणं साधं आणि बरोबर होतं. "अब्बा, मम्मीला मी घेऊन जाते. बिल्डिंगला लिफ्ट आहे, खाली क्लिनिक आहे, खिडकीतून लगून दिसतं. तुम्ही हे घर बंद करा, नाहीतर राहा इथंच." चाची म्हणायची, "खिडकीतून पाणी दिसतं ना? पाणी मी लग्नाआधी खूप पाहिलंय." पण विनोदामागं ती घाबरलेली होती. मला एकदा वर बोलावून म्हणाली, "तिथं मला कुणी काही कमी करणार नाही ग. पण तिच्याकडे दोन खोल्या. मी गेले की हे इथं राहणार. ह्या वयात आमची काय वाटणी करायची?" मी तिचा हात धरून बसले. जाण्यानं तिचं काय जाणार होतं, ते मला तेव्हा स्वच्छ कळलं.

शेवटी ठरलं असं, की मागच्या अंगणात एक खोली बांधायची, संडास-बाथरूमसकट. शबानानं मुदत घातली. रमझान लागायच्या आत खोली उभी राहिली तर ठीक, नाहीतर मम्मी शारजाला. चाचा म्हणाले, "इन्शाल्ला." आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी डायनिंग टेबलावरचं प्लास्टिक काढून तिथं ड्रॉइंग बोर्ड मांडला.

खरं तर आमच्या कम्युनिटीत, म्हणजे त्या घरांच्या वसाहतीत, असल्या कामांना ठरलेली माणसं होती. वसाहतीच्या ऑफिसच्या यादीतल्या कुणालाही फोन करा, तो येतो, मोजतो, नकाशे देतो, खलास. पण नियमांच्या पुस्तिकेत कुठंतरी एक ओळ होती, की अंगणातल्या छोट्या कामाचे नकाशे मालकानं स्वतः काढून दिले तरी चालतील. ती ओळ बहुतेक कुणी कधी वाचलीच नव्हती. चाचांनी वाचली. "माझ्या घराचा नकाशा भाड्यानं काढू?" असं त्यांनी मला विचारलं, तेव्हा त्यांचा चेहरा एकदम तरुण दिसला.

घर मोजायला त्यांनी इतके दिवस घेतले, की तेवढ्यात मी अख्खी कॉलनी मोजली असती. कारण त्यांच्या लेखी 'विद्यमान' म्हणजे जे जे आहे ते. भिंती, दारं, खिडक्या तर झाल्याच. पण पाण्याची टाकी, कपड्यांची तार, चाचीच्या कढीपत्त्याची कुंडी, गॅसच्या सिलिंडरचा कोनाडा, सगळं कागदावर आलं. शेजाऱ्याची ना-हरकत लागते, म्हणून तो कागद घेऊन ते माझ्याकडे आले. मी ऑफिसला निघालेली, हातात पर्स, एका पायात चप्पल. म्हटलं, "द्या चाचा, कुठं सही करू?"

त्यांनी कागद मागं घेतला. "वाचल्याशिवाय सही?"

"तुमच्यावर विश्वास आहे ना."

"विश्वासाचा रकाना नाहीये इथं. बसा."

मी बसले. त्यांनी मला नकाशा वाचायला शिकवला. दार उघडतं ती कमान कशी काढतात, पायऱ्यांचा बाण वर जाताना का दाखवतात, भिंत कापली तर आतून कशी दिसते. कोपऱ्यात उत्तरेचा बाण होता आणि त्याच्या शेजारी आणखी एक लहान बाण. तो कशाचा, तर किब्ल्याचा, मक्केच्या दिशेचा. "तिला खुर्चीत बसून नमाज पढायचीय. खुर्ची कुठं लागेल, ते आधी कळायला नको?" आणि मग भिंतीच्या अलीकडे, माझ्या अंगणात, मला माझा एसी दिसला. त्याची पाणी गळणारी नळीसुद्धा काढलेली होती आणि पाणी कुणाच्या बाजूला गळतं, त्याचा छोटासा बाण. मी मुकाट्यानं सही केली आणि दुसऱ्या दिवशी नळी वळवून घेतली.

कम्युनिटीच्या ऑफिसात जोसेफ नावाचा इंजिनिअर बसायचा. केरळचा, सज्जन, कामानं पिचलेला. त्यानं पहिला नकाशा परत पाठवला, कारण घर त्यांच्या रेकॉर्डशी जुळत नव्हतं. रेकॉर्डमध्ये मागची भिंत सरळ होती, चाचांच्या नकाशात ती एका टोकाला तीन बोटं बाहेर गेली होती. चाचा मला घेऊन गेले, इंग्रजी कमी पडलं तर असावी म्हणून. जोसेफ म्हणाला, "अंकल, आप हमारा ड्रॉइंग ले लो, उसके ऊपर बना दो. एक हफ्ते में अप्रूव कर दूँगा." चाचा म्हणाले, "लेकिन दीवार टेढ़ा है." "थोड़ा टेढ़ा सबका है, अंकल." "तो सबका ड्रॉइंग गलत है," चाचा म्हणाले आणि उठले. परत येताना गाडीत मी त्यांना म्हटलं की चाचा, घ्या ना त्यांचा कागद, चाची वर बसलीय. ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "जी भिंत सरळ नाही ती मी सरळ कशी काढू, बाई?" मला उत्तर माहीत होतं, पण ते ऐकायच्या मनःस्थितीत ते नव्हते.

दुसऱ्या नकाशानं तर कहर केला. ह्या वेळी चाचांनी तो रंगवून दिला. नगरपरिषदेत शिकले होते तसा, प्रस्तावित बांधकाम लाल, पाडायचं ते पिवळं. तिकडं अजूनही तसंच रंगवतात, म्हणे. पण जोसेफच्या ऑफिसात लाल म्हणजे पाडायचं. जोसेफ तेव्हा रजेवर होता; त्याच्या जागी बसलेल्या माणसानं कागद बघितला आणि त्याला दिसलं, की ह्या मुकादम नावाच्या गृहस्थांच्या अंगणात एक अख्खी खोली उभी आहे, बाथरूमसकट, आणि ते ती आता पाडायची परवानगी मागताहेत. रेकॉर्डमध्ये अशी खोली नाही. म्हणजे बेकायदेशीर बांधकाम. दोन दिवसांनी चाचांच्या दाराला नोटीस चिकटवलेली होती आणि पाठोपाठ इन्स्पेक्टर आला.

तो प्रकार मी भिंतीवरून डोळ्यांनी पाहिला. इन्स्पेक्टर नकाशा हातात धरून अंगणाच्या मधोमध उभा, आणि सभोवती पाण्याची टाकी, कपड्यांची तार आणि कढीपत्ता. तो कागद फिरवून बघतोय, उलटा करून बघतोय. मग त्यानं जिथं खोली असायला हवी होती तिथली जमीन पायानं दोनदा ठोकून पाहिली. चाचा अदबीनं शेजारी उभे. "रूम किधर है?" त्यानं विचारलं. चाचा म्हणाले, "अभी तो परमिशन नहीं मिला, साहब." "तो तोड़ा क्या?" "बनाया ही नहीं." "तो तोड़ने का परमिशन किसलिए?" वरच्या खिडकीत चाची बसलेली होती. तिला आधी काय चाललंय ते कळेना, आणि कळलं तेव्हा ती जी हसायला लागली ती थांबेचना. आजारपणानंतर तिचं ते पहिलं मनापासूनचं हसणं. इन्स्पेक्टरलाही हसू आलं. त्यानं बिनदुधाचा सुलेमानी चहा घेतला, नोटीस काढून खिशात घातली आणि जाता जाता अंगणाकडे पुन्हा एकदा संशयानं बघितलं.

जोसेफनं रंगांची यादी पाठवली. चाचांनी ती मला दाखवली. "तोडायला लाल वापरतात, बाई. लाल!" त्यांना खरोखर दुःख झालं होतं. नंतर बरेच दिवस बोर्डावर कागद तसाच राहिला. त्यांनी तिसरा नकाशा सुरू केला, त्यात पुन्हा ती तीन बोटं. ऑफिस बरोबर होतं आणि चाचाही बरोबर होते, पण त्या दोन बरोबरांमध्ये चाची वर अडकून पडली होती, आणि मला त्यांचा भयंकर राग येत होता. हो, भयंकर. मापात सांगता येणार नाही इतका.

मग ऑगस्टमध्ये त्यांचा वरचा एसी बंद पडला. इथल्या ऑगस्टमध्ये एसी बंद पडणं म्हणजे काय, ते इथं राहिलेल्यालाच कळेल. दुरुस्तीवाला दुपारनंतर येणार होता. चाचीला श्वास लागायला लागला, तिला खाली आणायलाच हवं होतं. माझा नवरा आणि गेटवरचा नेपाळी वॉचमन, दोघांनी मिळून तिला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं आणि जिना उतरायला लागले. मी खालून खुर्चीचे पाय धरलेले. जिन्याच्या वळणावर खुर्ची अडली. पुढंही जाईना, मागंही येईना. चाची तिथं हवेत तिरकी, घामानं चिंब, डोळे मिटलेले. तिनं चाचांना हाक मारली नाही. वॉचमनला म्हणाली, "भय्या, गिराना मत, हं."

चाचा वरच्या पायरीवर उभे होते. ते वळण त्यांच्याइतकं कुणी मोजलेलं नव्हतं. त्यांनी हात पुढं केला, पण धरायला कुठं जागाच नव्हती. शेवटी खुर्ची उंच उचलून, कठड्यावरून फिरवून, आम्ही तिला खाली आणलं. हॉलच्या थंड हवेत आल्यावर तिनं आधी शबानाला फोन लावायला सांगितलं. "ती म्हणते ते बरोबर आहे," एवढंच म्हणाली.

चाचा बूट घालून बाहेर पडले. जोसेफच्या ऑफिसातून त्यांचा कागद घेऊन आले, सरळ भिंतीचा. एसी सुरू झाल्यावर चाचीला पुन्हा तसंच उचलून वर नेलं होतं; त्या संध्याकाळी मी तिच्यासाठी पेज घेऊन गेले, तेव्हा ते बोर्डावर वाकलेले होते. त्या कागदावरच्या सरळ भिंतीला चिकटून त्यांनी नवी खोली काढली, आणि जोसेफच्या यादीतला निळा रंग भरला. मला बघून पेन्सिल खाली ठेवली. "आयुष्यात पहिल्यांदा खोटी रेघ मारली, बाई," ते म्हणाले. मी म्हटलं, "छान सरळ आलीय." त्यांना ते आवडलं नाही, पण त्यांनी ते ऐकून घेतलं.

एकच गोष्ट मात्र त्यांनी स्वतःची ठेवली. खोलीच्या मधोमध एक वर्तुळ. व्हीलचेअर जागच्या जागी पूर्ण फिरायला जेवढी मोकळी जमीन लागते, तेवढं. त्यांनी चाचीला खुर्चीत गोल फिरवून, फरशीवर खडूनं खुणा करून ते मोजलं होतं. ह्या वर्तुळात काहीही ठेवायचं नाही. पलंग एका बाजूला, कपाट एका बाजूला, बाथरूमचं दार बाहेर उघडणारं, बेसिनखाली खुर्चीचे पाय जातील अशी पोकळी, खिडकी बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर. जोसेफनं आठवड्याच्या आत शिक्का मारला. "व्हेरी नाइस ड्रॉइंग, अंकल," असंही म्हणाला. शिक्का बघून शबानाही रमझानपर्यंत थांबायला तयार झाली.

बांधकाम थंडीत झालं. नवी सरळ भिंत जुन्या तिरक्या भिंतीला भेटायला गेली, तेव्हा कोपऱ्यात अर्थातच तीन बोटांची फट राहिली. गवंड्यानं ती गिलाव्यानं भरून टाकली. चाचा रोज समोर खुर्ची टाकून बसायचे, पण त्या दिवशी त्यांनी तोंड दुसरीकडे केलं होतं.

रमझान लागायच्या आदल्या आठवड्यात चाची खाली आली. ह्या वेळी रीतसर, हॉस्पिटलच्या पट्ट्यांच्या खुर्चीतून. शबाना होती, आम्ही दोघं होतो. खोलीत नव्या रंगाचा वास होता. चाचांनी तिला व्हीलचेअरमध्ये बसवलं आणि हात सोडून बाजूला झाले. चाचीनं उजव्या हातानं चाक ढकललं. खुर्ची सावकाश, पूर्ण गोल फिरली, कशालाही न लागता. पलंग, कपाट, बाथरूम, खिडकी, आणि परत दार. शबाना रडायला लागली. चाची खिडकीपाशी गेली, बाथरूमचं दार स्वतः उघडलं, स्वतः लावलं, बेसिनचा नळ सोडून बघितला. परत मधोमध आली.

"छान झालंय," ती म्हणाली. "सगळं छान झालंय. आणि तुमचा पलंग?"

तो नकाशा जोसेफनं पाहिला होता, शबानानं पाहिला होता, मी तर धडे घेऊन वाचला होता आणि सही केली होती. इतक्या जणांनी तपासलेल्या त्या कागदावर एकच पलंग आहे, हे एकाच्याही लक्षात आलं नव्हतं. चाचांच्याही नाही. त्यांनी कपाटाकडे बघितलं, मग पलंगाकडे, मग भिंतीकडे. पलीकडे भिंत सरकवायची सोय नव्हती, तिथं सामासिक अंतर होतं. ते हळूच म्हणाले, "मी वर झोपेन. काय त्यात." चाचीनं खुर्ची वळवली आणि खिडकीकडे तोंड करून बसली. मला तेव्हा त्या म्हाताऱ्याची अशी दया आली की मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी घासली.

चाचा दोन-तीन रात्री वर झोपले असतील. नंतर चाचीनंच सांगितलं, की ते गादी घेऊन खाली आलेत. पलंगाला चिकटून जमिनीवर घालतात, सकाळी गुंडाळून ठेवतात. ह्या वयात गुडघे धरून जमिनीवरून उठतात, ऐकत नाहीत. ती तक्रार करत होती, पण तक्रारीचा चेहरा तिला काही जमत नव्हता. ईदला भिंतीवरून डबा आला. शीरखुर्मा चाचांनी केला होता, चाचीनं खुर्चीत बसून सांगितला होता. शबानानं शारजाची गोष्ट पुन्हा काढली नाही.

पुढच्या वर्षी माझ्या नवऱ्याला दुबईत नोकरी लागली आणि आम्ही तिथल्या करामा भागात राहायला निघालो. सामान टेम्पोत चढलं होतं. दुपार कलली होती. चाचा-चाचींना भेटून निघावं म्हणून मी मागच्या फाटकातून त्यांच्या अंगणात गेले. नव्या खोलीची खिडकी मुळातच खाली, त्यामुळे आत सगळं दिसत होतं. खोलीच्या बरोबर मधोमध, त्या वर्तुळात, चाचा दुपारपुरती गादी टाकून गाढ झोपले होते. एका कुशीवर, पाय पोटाशी घेऊन, चष्मा तसाच डोळ्यांवर. चाची व्हीलचेअरमध्ये होती. पलंग आणि गादी यांच्यामध्ये तिची खुर्ची अडकली होती, तोंड रिकाम्या भिंतीकडे आणि पाठ खिडकीकडे. किती वेळ ती तशी भिंतीकडे बघत बसली होती, कोण जाणे.

मी काचेवर हळूच टकटक केली. तिनं मान वळवायचा प्रयत्न केला, ती अर्धीच वळली.

"चाची, मी निघतेय. उठवू का त्यांना?"

तिनं उजवा हात वर केला आणि बोट ओठांवर ठेवलं.

"झोपू दे ग," ती भिंतीकडे बघतच हलक्या आवाजात म्हणाली. "उठले की वळेन मी."